लिनक्स कर्नलमधले इनपुट ड्रायव्हर आणि त्यांचे डीफॉल्ट: नवख्यांसाठी पहिल्या पॅचपर्यंतची वाट

डिसेंबर १९९१ मध्ये आलेल्या लिनक्स ०.११ च्या सोर्समध्ये कॉन्फिग.एच नावाची एक चिमुकली फाइल आहे. तिच्यात कीबोर्डाचे चार पर्याय आहेत: अमेरिकन, जर्मन, फ्रेंच आणि फिनिश. पहिले तिन्ही कॉमेंट करून बंद ठेवलेले, फिनिश तेवढा चालू. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत बसून लिहीत होता आणि त्याच्या टेबलावर फिनिश कीबोर्ड होता, एवढंच कारण. दुसऱ्या देशातल्या कुणी फाइल न उघडता तसंच कंपाइल केलं, तर विरामचिन्हं भलत्याच बटणांवर गेली असणार.

पुढची गोष्ट २००३ ची. कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया, २.४ वरून २.६ वर येताना इनपुटचा सगळा कोड नव्या रचनेत गेला आणि 'इनपुट', 'व्हीटी' (पडद्यावरचं टर्मिनल) असे पर्याय कॉन्फिगमध्ये आले. लोकांनी जुनी कॉन्फिग फाइल उचलली, 'मेक ओल्डकॉन्फिग' (जुनी उत्तरं ठेवून फक्त नवे प्रश्न विचारणारी आज्ञा) चालवलं, भराभर एंटर दाबले आणि मशीन चालू केल्यावर समोर काळा पडदा. बग कुठेच नव्हता. फक्त एका प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं गेलं होतं. हीच तक्रार इतक्यांदा आली की शेवटी हे पर्याय मुळातच चालू ठेवले गेले आणि त्यांचे प्रश्न सामान्य वापरणाऱ्यापासून लपवले गेले.

इनपुट ड्रायव्हरच्या कामात उतरणाऱ्याने या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ड्रायव्हरमधली, म्हणजे साधन चालवणाऱ्या कोडमधली, चूक ज्याच्याकडे ते साधन आहे त्याला बाधते. डीफॉल्टमधली, म्हणजे न निवडता मिळणाऱ्या उत्तरातली, चूक मात्र ज्याने कॉन्फिगचा मेनू जन्मात उघडला नाही त्यालाही बाधते. आणि कीबोर्डच मेला असेल तर तो बिचारा तक्रार टाइप तरी कशाने करणार?

(लेखातल्या आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्ये द्यायची.)

बसण्याआधी

सी भाषा वाचता यायला हवी. अगदी सफाईने लिहिता आली नाही तरी सुरुवातीला चालतं. गिट यायला हवं. लिनक्स असलेला लॅपटॉप हवा, शक्यतो तीन-चार वर्षं जुना. आणि एक जादा यूएसबी कीबोर्ड-माउस. हे शेवटचं गमतीने म्हणत नाही. तुम्ही ज्याच्याशी खेळणार आहात त्याच्यानेच मशीन चालवता, म्हणजे बसलेली फांदी तोडण्यातलाच हा प्रकार. त्याबरोबर एसएसएच सर्व्हर चालू ठेवा, म्हणजे सगळं बंद पडलं तरी दुसऱ्या मशीनवरून आत शिरून नीट रीबूट करता येतं. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरण्याची सवय फाइल सिस्टिमला मानवत नाही.

जुनं, चालणारं कर्नल ग्रबच्या (मशीन चालू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून कधीही काढू नका. नवं बांधताना कॉन्फिगच्या 'लोकलव्हर्जन' पर्यायात आपली खूण घाला, म्हणजे कुठलं आपलं आणि कुठलं डिस्ट्रोचं (उबंटू, फेडोरासारख्या तयार लिनक्सचं) हे रात्री दोन वाजताही कळेल.

घर कसं आहे

सोर्समध्ये 'ड्रायव्हर्स/इनपुट' या फोल्डरात शिरा. आत कीबोर्ड, माउस, टचस्क्रीन, जॉयस्टिक, टॅबलेट, मिस्क असे साधनांच्या जातीप्रमाणे कप्पे आहेत. 'सीरिओ' हा कप्पा वेगळा. त्यात साधनं नाहीत, साधनं जिथे जोडली जातात ते दरवाजे आहेत. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड आजही बहुतेकदा 'आय८०४२' या जुन्या कंट्रोलरच्या दारातून येतो. १९८४ साली आयबीएमच्या पीसी/एटी मशीनबरोबर आलेली आणि १९८७ साली पीएस/२ मशीनबरोबर माउसलाही दार देणारी ही सोय अजून जिवंत आहे. आयआरक्यू (साधनाने प्रोसेसरला हाक मारायची तार) १ कीबोर्डाचा, १२ माउसचा, हेही अजून तसंच.

यूएसबी आणि ब्लूटूथची बहुतेक साधनं मात्र इथे शोधू नका. ती 'ड्रायव्हर्स/हिड'मध्ये राहतात (हिड म्हणजे ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस). त्यांचे सांभाळणारे वेगळे, गिटचं झाड वेगळं, शिस्तही थोडी वेगळी. नवखे बहुतेकदा इथेच पहिला चुकीचा दरवाजा ठोठावतात. इनपुटचा मूळ गाभा व्हॉयटेक पाव्हलिक यांनी लिहिला आणि पुढे अनेक वर्षं तो दिमित्री तोरोखोव्ह सांभाळत आले आहेत. हिडकडे जिरी कोसिना आणि बेंजामिन तिस्वार ही नावं दिसतील.

गाभ्याचं काम थोडक्यात असं. ड्रायव्हर हार्डवेअरचं बोलणं ऐकतो आणि 'काय झालं' ते तीन आकड्यांत सांगतो: प्रकार, कोड, किंमत. बटण दाबलं की किंमत १, सोडलं की ०, दाबून धरलं तर आपोआप येणाऱ्या पुनरावृत्तीला २. गाभ्याचा पुनरावृत्तीचा डीफॉल्ट असा, की पहिली २५० मिलिसेकंदांनी आणि त्यानंतर दर ३३ मिलिसेकंदांनी. माउस तिरका सरकला तर आधी आडवं अंतर, मग उभं अंतर आणि शेवटी एक 'सिन' घटना जाते. सिन म्हणजे गठ्ठ्याला बांधलेली दोरी: इथपर्यंतचं सगळं एकाच क्षणाचं समजा. ड्रायव्हर लिहिताना 'इनपुट_सिंक' विसरलात तर घटना जाऊनही वर कुणाला काही कळत नाही. दुसरा नेहमीचा खड्डा म्हणजे साधन नोंदवण्याआधी 'हे बटण माझ्याकडे आहे' असं 'इनपुट_सेट_केपेबिलिटी'ने सांगायचं राहून जातं. मग तुम्ही कितीही वेळा ते बटण कळवा, गाभा ते मुकाट्याने टाकून देतो. लॉगमध्ये एक ओळही येत नाही. माझी एक अख्खी रविवारची दुपार यात गेली आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो, की इन्स्क्रिप्ट यात कुठे बसतं? कुठेच नाही. तुम्ही इन्स्क्रिप्टमध्ये 'क' टाइप करता तेव्हा कर्नल फक्त ३७ हा आकडा वर पाठवतं. ती बटणाची जागा आहे, अक्षर नव्हे. त्या जागेला रोमनमध्ये 'के' म्हणायचं की देवनागरीत 'क', हे वरच्या मजल्यावर एक्सकेबी ही कीबोर्ड लेआउटची व्यवस्था ठरवते. लिनस फिनिश कीबोर्ड थेट कर्नलमध्ये कोंबून बसला होता, तिथून इथवर यायला मधली वर्षं लागली. तेव्हा 'मराठी लेआउटमध्ये अमुक अक्षर चुकतंय' अशी तक्रार घेऊन इनपुट ड्रायव्हरच्या दारात जाऊ नका.

आधी ऐकायला शिका

कोडला हात लावण्यापूर्वी आठवडाभर फक्त साधनांचं बोलणं ऐका. 'प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस' ही फाइल वाचली की मशीनवरच्या प्रत्येक इनपुट साधनाचं नाव, ते कुठल्या दारातून आलं आणि त्याला कुठला 'इव्हेंट' क्रमांक मिळाला ते दिसतं. लॅपटॉपवर पंधरावीस नावं दिसली तर दचकू नका. झाकण, पॉवर बटण, हेडफोनचं भोक, वेबकॅमचं बटण हीसुद्धा इनपुट साधनंच.

मग 'इव्हटेस्ट' हा साधनाच्या घटना दाखवणारा प्रोग्रॅम चालवा, एक साधन निवडा आणि बटणं दाबून पाहा. टचपॅडवर बोट ठेवल्यावर किती घटना वाहतात ते एकदा पाहिलं की ड्रायव्हरच्या कोडमधल्या निम्म्या ओळी आपोआप समजतात.

एक इशारा. इव्हटेस्ट चालू ठेवून त्याच कीबोर्डवरून पासवर्ड टाकलात, तर तो अक्षर अक्षर करून पडद्यावर आणि तुमच्या नोंदीत येतो. नोंद कुणाला पाठवायची असेल तर 'लिबइनपुट रेकॉर्ड' वापरा. ते अक्षरांची बटणं मुळातच झाकून टाकतं.

ऐकताना दोष सापडला, की तो कर्नलमध्येच दुरुस्त करायचा का, हे आधी ठरवा. लॅपटॉपचं एखादं खास बटण दाबल्यावर लॉगमध्ये 'अनोळखी बटण दाबलं' अशी ओळ आली, तर त्याचा इलाज बहुतेकदा सिस्टिमडीच्या (कर्नलनंतर बाकी सिस्टिम उभी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) '६०-कीबोर्ड' या हार्डवेअर यादीत असतो. टचपॅडची लांबीरुंदी चुकीची दिसत असेल तर तिथल्याच '६०-इव्हडेव्ह' यादीत. तळहात टेकल्यावर कर्सर उडत असेल तर कर्नलच्या वर बसणाऱ्या लिबइनपुट लायब्ररीच्या क्वर्कमध्ये, म्हणजे मॉडेलागणिक अपवादांच्या यादीत. कर्नलमध्ये यायचं ते साधन ओळखलंच जात नसेल, चुकीच्या पद्धतीने ओळखलं जात असेल किंवा झोपेतून उठल्यावर मरत असेल तेव्हा.

डीफॉल्ट एका जागी नसतो

नवख्याला वाटतं की डीफॉल्ट कॉन्फिग म्हणजे एक फाइल. प्रत्यक्षात डीफॉल्ट तीन वेगळ्या थरांत पसरलेला आहे आणि चौथा थर डिस्ट्रोवाल्यांच्या हातात. कुठला दोष कुठल्या थराचा, हे ओळखणं म्हणजेच हे काम येणं.

पहिला थर केकॉन्फिगचा. प्रत्येक फोल्डरातल्या 'केकॉन्फिग' फाइलीत पर्यायाचं नाव, प्रश्न, अवलंबित्व आणि डीफॉल्ट लिहिलेला असतो. 'माउस' कप्प्यातली ही फाइल उघडा आणि आल्प्स टचपॅडचा पर्याय पाहा. त्याच्या प्रश्नापुढे 'इफ एक्स्पर्ट' अशी अट आहे आणि खाली 'डीफॉल्ट वाय'. अर्थ असा, की ज्याने 'एक्स्पर्ट' पर्याय चालू केलेला नाही त्याला हा प्रश्न दिसतच नाही आणि आधार गुपचूप आत येतो. २००३ च्या काळ्या पडद्यावरचा हाच तो उपाय: चालू ठेवा आणि नवख्याच्या हाताला लागू देऊ नका.

मग आपल्या नव्या ड्रायव्हरलाही 'डीफॉल्ट वाय' लावावा का? नाही. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा एकदा तरी बोलणी खातो. आपला ड्रायव्हर आपल्याला लाडका असतो, पण जगातल्या बाकीच्यांकडे ते साधन नाही. कर्नलच्या केकॉन्फिगविषयीच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलं आहे की काही न लिहिणं म्हणजे 'एन' आणि तेच योग्य. ओल्डकॉन्फिग चालवल्यावर आवृत्तीगणिक कमीत कमी भर पडावी. अपवाद मोजके. जे आधी कायम बांधलं जात होतं आणि आता नव्याने पर्याय झालं ते 'वाय'. इतर पर्याय ज्याच्यामागे लपतात तो नुसता दरवाजा असेल तर 'वाय', कारण तो बंद असेल तर मागचे पर्याय कुणाला दिसणारच नाहीत. जो ड्रायव्हर मुळात 'एन' आहे त्याच्या आतले उपपर्याय 'वाय' असले तर चालतं. आणि जे असणारच असं सगळे धरून चालतात, तेही. एटी कीबोर्डचा ड्रायव्हर या शेवटच्या खात्यातला.

केकॉन्फिगमध्ये डीफॉल्टपेक्षा जास्त घाम काढतं ते अवलंबित्व. पर्याय तीन अवस्थांत असू शकतो: वाय म्हणजे कर्नलच्या पोटात, एम म्हणजे लागेल तेव्हा चढवायचं वेगळं मॉड्यूल, एन म्हणजे नाही. आता सिनॅप्टिक्स कंपनीच्या टचपॅडच्या एसएमबसवाल्या पर्यायाची अट पाहा. (आय२सी आणि तिच्यावर बेतलेली एसएमबस म्हणजे मशीनच्या आतल्या चिपांचे बोलण्याचे रस्ते.) तिथे लिहिलं आहे की 'आय२सी' वाय असावा किंवा 'आय२सी'ची अवस्था 'माउस पीएस२'च्या अवस्थेइतकीच असावी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शब्दच्छल वाटला होता. पण समजा माउसचा ड्रायव्हर पोटात आहे आणि आय२सी मॉड्यूल. पोटातला कोड बाहेरच्या मॉड्यूलमधल्या फंक्शनला हाक मारणार, आणि जोडणीच्या वेळी ते फंक्शन अस्तित्वातच नाही. लिंकिंग तिथेच फसतं. तुमच्या मशीनवर दोन्ही 'एम' असल्यामुळे तुम्हाला हे कधीच दिसणार नाही. दिसेल ते स्वयंचलित तपासणीच्या रोबॉटला, जो मनाला येईल तशा कॉन्फिग बनवून रात्रंदिवस बांधत बसतो आणि चूक सापडली की तुम्हाला मेल टाकतो. म्हणून नव्या पर्यायाची चाचणी तीनदा घ्या: वाय करून, एम करून, एन करून. एन करून बांधायला लोक विसरतात, आणि बांधणी तिथेही तुटते.

'सिलेक्ट' हा शब्द जपून वापरा. तो समोरच्या पर्यायाला ओढून चालू करतो, पण त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पूर्ण झाल्या की नाही हे पाहत नाही. ज्याचा स्वतःचा प्रश्न नाही अशा मदतनीस कोडसाठी सिलेक्ट ठीक. बाकी ठिकाणी 'डिपेंड्स ऑन'.

दुसरा थर डेफकॉन्फिगचा. एक्स८६ साठी 'एक्स८६_६४_डेफकॉन्फिग', एआरएम६४ साठी नुसती 'डेफकॉन्फिग', अशा फाइली 'आर्च' फोल्डरात त्या त्या प्रोसेसर घराण्याखाली 'कॉन्फिग्स'मध्ये असतात. एक्स८६_६४ ची उघडा आणि एटी कीबोर्ड शोधा. सापडणार नाही. लगेच पॅच (कोडमधला बदल) करायला धावू नका! ही फाइल म्हणजे पूर्ण कॉन्फिग नव्हे. केकॉन्फिगच्या डीफॉल्टपेक्षा जे वेगळं, तेवढंच तिच्यात नोंदवतात. एटी कीबोर्ड आधीच 'डीफॉल्ट वाय' आहे, मग तो इथे कशाला?

पूर्वी असं नव्हतं. एआरएमच्या प्रत्येक बोर्डाची आख्खी कॉन्फिग सोर्समध्ये पडून असायची आणि दर आवृत्तीला हजारो ओळी इकडच्या तिकडे व्हायच्या. २०१० साली टोरवाल्ड्सने यावर आवाज चढवला, त्यानंतर त्या फाइली छाटल्या गेल्या आणि लाखाहून जास्त ओळी उडाल्या. त्याच सुमाराला आलेली 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' ही आज्ञा आज आपलं मुख्य हत्यार आहे.

डेफकॉन्फिग बदलायची तर हाताने ओळ घुसडू नका. आधी 'मेक डेफकॉन्फिग', मग 'मेक मेनूकॉन्फिग'मध्ये आपला पर्याय चालू करा, मग 'मेक सेव्हडेफकॉन्फिग'. त्यातून बनलेली नवी फाइल जुनीशी ताडून पाहा. तुमच्या एका ओळीबरोबर इतर पाचपन्नास ओळी हललेल्या दिसतील, कारण इतरांनी केलेले बदल तोवर साचलेले असतात. पॅचमध्ये फक्त आपली ओळ घ्या, तिच्या योग्य जागी. आणि ती इनपुटच्या सांभाळणाऱ्यांना नव्हे, त्या प्लॅटफॉर्मच्या सांभाळणाऱ्यांना पाठवा. ड्रायव्हर आणि डेफकॉन्फिग एकाच पॅचमध्ये बांधले तर ते दोन झाडांत अडकतात आणि कुठेच जात नाहीत. एआरएम६४ वर बहुतेक ड्रायव्हर 'एम' म्हणून घेतले जातात. 'जीपीआयओ की' (चिपच्या पिनेला थेट जोडलेली बटणं) यासारखा प्रत्येक बोर्डावर लागणारा असेल तरच 'वाय'.

याच थराशी जोडलेला एक सापळा म्हणजे 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. आत्ता लोड असलेली मॉड्यूल तेवढी ठेवून बाकीची ते काढून टाकतं; बांधणी चटकन होते म्हणून सगळे सुचवतात. मी ते चालवलं तेव्हा चित्रं काढायचा टॅबलेट कपाटात होता. त्याचं मॉड्यूल लोड नव्हतं, म्हणून पर्यायच गळाला. दोन आठवड्यांनी टॅबलेट जोडला तर हूं नाही की चूं नाही, आणि मी केबल बदलत बसलो. तेव्हा ही आज्ञा देण्यापूर्वी घरातलं असेल नसेल ते सगळं लॅपटॉपला जोडून ठेवा.

तिसरा थर कोडच्या आत, आणि नवख्यांसाठी खरं काम तिथेच आहे. 'सीरिओ' कप्प्यात आय८०४२ च्या क्वर्कची एक लांबलचक यादी आहे. कुठला लॅपटॉप चालू होताना कंट्रोलरला रीसेट मागतो, कुठल्यावर मल्टिप्लेक्सिंग (एकाच दारातून अनेक साधनं चालवणं) बंद ठेवावं लागतं, हे त्यात कंपनी आणि मॉडेलच्या नावासकट नोंदलेलं आहे. तेच उपाय कर्नलला चालू होताना 'आय८०४२.नोमक्स', 'आय८०४२.रीसेट' अशा पॅरामीटरने हातानेही देता येतात. कुणीतरी सुचवलं म्हणून लोक असे पॅरामीटर ग्रबमध्ये घालतात आणि विसरतात. त्यांचं काम होतं, पण तोच लॅपटॉप घेतलेला पुढचा माणूस पुन्हा तिथेच अडतो. पॅरामीटर हा रोग ओळखायला असतो. रोग कळला की ओळ यादीत गेली पाहिजे.

पहिला पॅच: एका ओळीचा

आता एक खरंखुरं उदाहरण धरून चालू. सिनॅप्टिक्सचा टचपॅड असलेले कित्येक लॅपटॉप जुन्या पीएस/२ दारातून येतात, पण आतून त्यांना एसएमबसवरूनही बोलता येतं. तो रस्ता जास्त रुंद आहे: बोटांची माहिती अधिक तपशिलाने येते, तीन-चार बोटांच्या हालचाली नीट कळतात. सिनॅप्टिक्सच्या भाषेत याला 'इंटरटच' म्हणतात. पण कर्नल आपणहून सगळ्यांना त्या रस्त्याने पाठवत नाही, कारण काही मशीनवर तो दगा देतो. त्यामुळे एक यादी ठेवली आहे, आणि यादीत नसलेला टचपॅड दिसला की 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, एक ओळ येते. तुमचा टचपॅड दुसऱ्या बसवर चालू शकतो असं म्हणतोय, 'सिनॅप्टिक्स_इंटरटच' एक करून पाहा आणि आम्हाला कळवा, असा तिचा आशय. कर्नल स्वतःहून मदत मागतं अशा जागा फार नाहीत. तुमच्या नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या लॅपटॉपवर ही ओळ येत असेल तर तुमचा पहिला पॅच तिथे वाट पाहतोय.

ओळीतच टचपॅडची पीएनपी ओळख (साधन ओळखायचा कोड) छापलेली असते, ती टिपून घ्या. यादीतला थिंकपॅड ई४८० 'एलईएन२०५४' या नावाने आहे. मॉडेल एकच असलं तरी ओळख एकच असेल असं नाही. यादीत एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीच्या दोन नोंदी आहेत, ००९१ आणि ००९२. म्हणून मित्राच्या 'सेम टू सेम' लॅपटॉपवर विसंबू नका, स्वतःच्या मशीनवरचीच ओळख घ्या.

आता चाचणी. यूएसबी माउस जोडा. 'पीएसमाउस' हा पीएस/२ टचपॅडचा ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर ते काढून 'सिनॅप्टिक्स_इंटरटच=१' देऊन पुन्हा चढवा; कर्नलच्या पोटात असेल तर ग्रबमध्ये त्या बूटपुरता 'पीएसमाउस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=१' द्या. काहीच फरक पडला नाही तर आधी कॉन्फिग तपासा. 'माउस पीएस२ सिनॅप्टिक्स एसएमबस' आणि 'आरएमआय४ एसएमबी' हे पर्याय हवेत, आणि इंटेलच्या मशीनवर एसएमबसचा आय८०१ ड्रायव्हरही. नाहीतर ड्रायव्हर जुन्या पीएस/२ रस्त्याने गुपचूप चालू राहतो आणि तुम्ही न झालेल्या बदलाची चाचणी घेत राहता. वरचे थर माहीत असण्याचा उपयोग इथे होतो.

चालतंय असं दिसलं तरी लगेच लिहायला बसू नका. निदान आठवडाभर तसंच वापरा. झाकण मिटून उघडा, एकदा नव्हे वीस वेळा. बॅटरीवर, चार्जरवर. थिंकपॅड असेल तर मधला लाल ठिपका आणि त्याची तिन्ही बटणं. झोपेतून उठल्यावर टचपॅड मरणं हाच या बदलाचा नेहमीचा आजार आहे, आणि तो पहिल्या दिवशी दिसतोच असं नाही.

मग 'माउस' कप्प्यातली सिनॅप्टिक्सची सी फाइल उघडा. 'एसएमबस_पीएनपी_आयडीज' नावाची यादी शोधा. आपली ओळख क्रमाने योग्य जागी लिहा आणि पुढे कॉमेंटमध्ये लॅपटॉपचं नाव. कॉमेंट आळसाने अर्धवट सोडू नका. सहा वर्षांनी ही ओळ कुणाची, हे तेवढ्यावरूनच कळणार आहे. फक्त त्या फोल्डरातली मॉड्यूल बांधून घ्या, पॅरामीटर न देता चढवा, आणि डीमेसेजमधली ती विनंतीची ओळ नाहीशी झाली का ते पाहा.

कमिटच्या मजकुरात तीन गोष्टी हव्यात: मशीन कुठलं, आधी काय होत होतं, आणि तुम्ही काय काय तपासलं. मथळ्याची इथली रीत बघून घ्या. बाकी कर्नलमध्ये उपविभागांच्या मध्ये दोनदा विसर्ग-टिंब (कोलन) येतं, इनपुटवाल्यांकडे मात्र 'इनपुट' नंतर विसर्ग-टिंब आणि ड्रायव्हरच्या नावानंतर साधी आडवी रेघ. असल्या बारीकसारीक रिती 'गिट लॉग' वाचूनच कळतात. त्या फाइलीचे शेवटचे वीस कमिट वाचल्याशिवाय पॅच लिहूच नये. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि आपलं नाव. हा कोड द्यायचा हक्क माझ्याकडे आहे, अशी ती ग्वाही; २००४ पासून प्रत्येक पॅचला लागते. नोकरीत असाल तर कंपनीची परवानगी आहे का, हे त्याआधी विचारून घ्या.

'चेकपॅच' ही मांडणीतल्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट चालवा, 'गेट_मेंटेनर'ला विचारून पत्ते घ्या आणि 'गिट सेंड-ईमेल'ने पाठवा. ब्राउझरमधून चिकटवलं की टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागत नाही. पहिल्यांदा स्वतःलाच पाठवून, आलेल्या मेलमधून तो पॅच लावून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, अब्रू वाचते.

पाठवल्यानंतर

उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नाही. प्रत्येक आवृत्तीच्या नऊ-दहा आठवड्यांच्या फेरीत पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचे. तेव्हा सांभाळणारे साचलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात. दोनेक आठवडे थांबून एक सौम्य आठवण करा. आधी 'ड्रायव्हर्स/इनपुट'च्या झाडाच्या 'नेक्स्ट' आणि 'फॉर-लिनस' या फांद्या बघून घ्या. कित्येकदा पॅच न बोलताच घेतलेला असतो.

बदल सुचवला तर नवा पॅच 'व्ही२' म्हणून पाठवा आणि काय बदललं ते तीन रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही. टीका कोरड्या स्वरात येते. 'नमस्कार, छान प्रयत्न' वगैरे काही नसतं, थेट ओळीवर बोट. पहिल्या वेळी ते लागतं, मग बरं वाटू लागतं.

नवा ड्रायव्हर असेल तर पुढच्या मर्ज विंडोपर्यंत थांबावं लागतं. एका ओळखीची ओळ मात्र मधल्या आरसी (चाचणीच्या) आवृत्तीतही जाऊ शकते, आणि 'स्टेबल'ची (आधी निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्तीची) नोंद केली तर जुन्या आवृत्त्यांतही. स्टेबलचा नियम शंभर ओळींच्या आतले बदल मागतो, आणि नव्या ओळखी व क्वर्क त्यात चालतात. म्हणजे डिस्ट्रोचं जुनं कर्नल वापरणाऱ्या माणसापर्यंतही तुमची ओळ काही आठवड्यांत पोचू शकते, त्याला न कळता.

आणि मग एखाद्या दिवशी मेल येईल: हीच ओळख, वेगळा बायॉस, उठल्यावर टचपॅड गेला. इथे बचाव करू नका. आधी चालत होतं आणि आता चालत नाही, एवढं कर्नलमध्ये पुरेसं असतं. 'त्यांचं फर्मवेअर भिकार आहे' हे खरं असलं तरी उत्तर नव्हे. त्याच्याकडून डीमेसेज आणि बायॉसची आवृत्ती मागा, पॅरामीटर शून्य करून चालतंय का ते विचारा, आणि लवकर तोड दिसत नसेल तर तुमची ओळ मागे घेणारा पॅच तुम्हीच पाठवा.

तो लॅपटॉप जुना झाला तरी लगेच विकू नका. पुढे कुणी ही यादी नव्याने मांडायला घेईल तेव्हा 'याच्यावर एकदा चालवून सांगाल का' असा मेल कॉमेंटमधल्या नावावरून शोधत तुम्हालाच येणार आहे.